जमिनीकडे पाहणारा वैमानिक

आंत्वान द सेंत-एक्झुपेरी हा फ्रेंच लेखक आपल्याकडे आला तो एकाच पुस्तकाचे बोट धरून. ‘छोटा राजकुमार’ जगातल्या पाचशेहून अधिक भाषा-बोलींत पोचले, आणि या लोकप्रियतेचा सर्वांत मोठा फटका बसला तो त्याच्या लेखकालाच. पुस्तकातली चार-दोन वाक्ये शुभेच्छापत्रांवर आणि शाळांच्या भिंतींवर जाऊन बसली. लेखक मात्र ढगांत हरवलेला, हळवा, काहीसा बालिश गृहस्थ म्हणून उरला. १९४४ साली त्याचे विमान भूमध्य समुद्रावर बेपत्ता झाले, त्यामुळे या चित्राला शेवटही मनाजोगता मिळाला. पुढच्या पानांत त्याचे आयुष्य आणि त्याचे लेखन यांचा जो परिचय येतो, तो वाचण्याआधी हे चित्र खुंटीला टांगून ठेवावे अशी माझी विनंती आहे. सेंत-एक्झुपेरीला आकाशाचा लेखक म्हणण्याची चाल पडली असली तरी त्याचे मन सारे जमिनीत आहे. जमीन, तिच्यावर चालणारे रोजचे काम आणि त्या कामापोटी माणसे एकमेकांना कशी बांधली जातात, हा त्याचा आयुष्यभराचा विषय. विमान हे त्याचे अवजार. हे म्हणणे सुर्ल्यासारख्या गावातून मांडायला एक खास कारण आहे, पण त्याकडे जाण्याआधी माणूस कोण होता ते पाहू.

२९ जून १९०० रोजी लियों शहरात, जुन्या सरदार घराण्यात त्याचा जन्म झाला. घराण्याला नाव होते, हाती पैसा बेताचाच. वडील तो चार वर्षांचा व्हायच्या आतच गेले आणि आईने पाच मुले नातलगांच्या आधाराने वाढवली. बाराव्या वर्षी तो पहिल्यांदा विमानात बसला, ही गोष्ट चरित्रकार फार चवीने सांगतात. पण त्यानंतरची चौदा वर्षे पाहिली तर दिसतो तो एक चाचपडणारा, सर्वत्र अर्धवट राहिलेला तरुण. नौदलाच्या अकादमीची प्रवेशपरीक्षा हुकली. वास्तुकलेचे शिक्षण तडीस गेले नाही. १९२१ मध्ये लष्करी सेवेत असताना स्ट्रासबुर्गला उडायला शिकला, १९२३ मध्ये अपघातात डोके फोडून घेतले, आणि होणाऱ्या सासुरवाडीच्या आग्रहाखातर कचेरीतली नोकरी धरली. लग्न मोडले ते मोडलेच. पुढे ट्रक विकण्याची फिरतीची नोकरी केली, तीही अंगाला लागली नाही. १९२६ च्या शरद ऋतूत तो तुलूझला लातेकोएर कंपनीच्या टपाल-विमानसेवेत दाखल झाला, तेव्हा तिथले प्रमुख दिदिए दोरा यांनी या सरदारपुत्राला आधी विमान दिलेच नाही. नव्या वैमानिकांच्या रिवाजाप्रमाणे त्याला कारखान्यात पाठवले, इंजिनांचे भाग उतरवायला आणि घासून साफ करायला. हात तेलात काळे झाल्याशिवाय उडायचे नाही, हा त्या संस्थेचा नियम. याच तेलकट हातांच्या मंडळींत तो आयुष्यात पहिल्यांदा कुठेतरी रुजला.

तुलूझहून निघालेली टपाल स्पेनवरून कासाब्लांकाला आणि तिथून सहाराच्या कडेकडेने डाकारला जाई. विमाने ब्रेगे १४ जातीची, महायुद्धातून उरलेली, उघड्या खोबणीची. इंजिन केव्हा दगा देईल याचा भरवसा नसे. इंजिन थांबले की खाली जे असेल त्यावर उतरायचे. म्हणून वैमानिकाला आभाळापेक्षा खालच्या शेताची माहिती जास्त हवी. पहिल्या उड्डाणाच्या आदल्या रात्री सेंत-एक्झुपेरी आपला अनुभवी मित्र आंरी गियोमे याच्याकडे नकाशा घेऊन गेला, तो प्रसंग ‘माणसांची भूमी’ या १९३९ च्या पुस्तकात आहे, आणि माझ्या मते त्याच्या सगळ्या लेखनाची किल्ली तिथे आहे. गियोमेने त्याला स्पेनचा भूगोल शिकवला नाही. नद्या, लोकसंख्या, पर्वतांची उंची, यातले काही नाही. त्याने ग्वादिक्सजवळच्या एका शेताच्या बांधावरची तीन संत्र्याची झाडे दाखवली. लोर्काजवळचे एक साधे शेतघर आणि त्यातले नवरा-बायको सांगितले. मोत्रिलच्या बाजूला गवताखाली दडलेला एक ओहोळ सांगितला, जो सपाट दिसणाऱ्या कुरणाला फसवे करतो. आणि एका उतारावरची तीस मेंढरे, जी ऐन उतरताना चाकांखाली येतील. भूगोलाच्या पुस्तकांनी ज्यांची कधी दखल घेतली नाही अशा या गोष्टींनी त्या रात्री त्याचा नकाशा भरून गेला. सतरा वर्षांनंतरच्या ‘छोटा राजकुमार’मध्ये एक भूगोलतज्ज्ञ येतो. तो टेबलापासून कधी उठत नाही, पर्वत आणि समुद्र नोंदवतो, पण फूल नोंदवत नाही, कारण फूल आज आहे, उद्या नाही. वाचक या म्हाताऱ्याला हसतो आणि पान उलटतो. गियोमेची ती रात्र ठाऊक असलेल्या वाचकाला मात्र कळते की इथे गंमत कमी आणि हिशेब जास्त आहे. ज्या नकाशात ओहोळ नाही त्या नकाशाने माणूस मरतो, हे लेखकाच्या धंद्याने त्याला शिकवले होते.

आता सुर्ल्याकडे येतो. डिचोली तालुक्यातला हा खाणपट्टा आणि तिकडे पेडण्यातला मोपाचा सडा, या दोन जागा समोर ठेवून सेंत-एक्झुपेरी वाचला तर तो परका वाटत नाही. मोपाच्या सड्यावर विमानतळ व्हावा की न व्हावा हा वाद गोव्यात वर्षानुवर्षे चालला. २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्पाची पर्यावरण-परवानगी थांबवली, आणि परवानगीच्या अर्जात भोवतालच्या संवेदनशील परिसराची माहिती नीट दिलेली नव्हती, हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता. जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली, ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन झाले, आणि जानेवारी २०२३ पासून तिथून विमाने उडू लागली. विमानतळाच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोलून झाले आहे. मला इथे त्यात भर घालायची नाही. लक्षात घ्यायची गोष्ट एवढीच की कागदावर सडा हा मोकळा दिसतो. जांभ्या दगडाचा माळ, झाडोरा विरळ, वस्ती तुरळक. पण पावसाचे पाणी त्याच जांभ्यात मुरते, खाली झरीने बाहेर येते आणि पायथ्याच्या कुळागरांतल्या माडा-पोफळींना उन्हाळ्यात जगवते. गुरे तिथे चरतात, आणि पावसाळ्यात त्याच माळावर फुलांची चादर पसरते. मोत्रिलचा ओहोळ तो हाच. खाणींचेही तेच. पोर्तुगीज अमलात दिलेल्या खाणींच्या सवलती १९८७ च्या कायद्याने लीजमध्ये बदलल्या गेल्या. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे सुरू होऊन २०१८ मध्ये न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद पडल्या. या सगळ्या काळात सुर्ला-वेळगे-पाळी भागातल्या जमिनीचे वर्णन टनांत होत राहिले. खाणीच्या खंदकाने विहिरीचे पाणी कुठे ओढून नेले, डंपवरची लाल माती पावसात कोणाच्या भातशेतात उतरली, हे नोंदवायला ज्याला टेबलापासून उठावे लागते तो माणूस कागदात सापडत नाही. धूळ खाणारे टिप्परचे चालक, ट्रकसाठी काढलेले कर्ज आणि खाण बंद पडल्यावर रिकामी झालेली घरे, हेही त्याच भूगोलाचे भाग आहेत. खाणीविरुद्ध बोलणाऱ्यांच्या नकाशातूनही ते पुष्कळदा सुटतात, हेही इथेच सांगून टाकतो.

यावर कोणी म्हणेल, विमानाच्या भक्ताला विमानतळावरच्या वादात साक्षीला उभे करणे हा उलटा न्याय झाला. आक्षेप रास्त आहे, म्हणूनच स्पष्ट करतो. सेंत-एक्झुपेरी यंत्रद्वेष्टा मुळीच नव्हता. विमानाशी संबंधित उपकरणांची अनेक पेटंटे त्याच्या नावावर आहेत, आणि यंत्र माणसाचा आत्मा खाते असे म्हणणाऱ्या आपल्या काळातल्या विद्वानांशी तो छापील वाद घालत असे. त्याचे म्हणणे असे की विमान हे नांगरासारखे अवजार आहे: नांगराने जसा शेतकरी जमिनीशी झटतो तसा वैमानिक विमानाने. रस्ते शतकानुशतके आपल्याला पाणवठ्यांवरून, बागांवरून, वस्तीवरून नेत आले, म्हणून पृथ्वी सगळी सुपीक आहे असे आपण समजत राहिलो. वरून पाहिल्यावर पहिल्यांदा कळले की खडक, वाळू आणि मीठ यांच्या विस्तारात जीवन कुठेकुठे, भिंतीच्या फटीत उगवलेल्या रोपासारखे तग धरून आहे. हे पाहिल्यावर त्याला विजयाचा आनंद झाला नाही. जे थोडे हिरवे आहे त्याबद्दलची आस्था वाढली. मोपाला त्याचा विरोध असता की पाठिंबा, हा प्रश्न म्हणून निरर्थक आहे. सडा मोकळा आहे असे त्याने लिहून दिले नसते, इतके मात्र त्याच्या पुस्तकांवरून नक्की म्हणता येते.

टपाल हा शब्द मी मघापासून वापरतो आहे तो जपून. आज विमान म्हटले की प्रवासी आणि पर्यटन डोळ्यांपुढे येते. त्या पिढीला विमान म्हणजे पत्रांची पिशवी. हिंदुस्थानातही सुरुवात तशीच झाली. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादहून नैनीला सुमारे साडेसहा हजार पत्रे विमानाने गेली, आणि ते उडवणारा आंरी पेके फ्रेंच होता. त्याहून जवळचा दुवा जे. आर. डी. टाटांचा. १९०४ साली पॅरिसमध्ये, फ्रेंच आईच्या पोटी जन्मलेले, फ्रेंचमध्ये वाढलेले, फ्रेंच सैन्यात वर्षभर चाकरी केलेले हे गृहस्थ सेंत-एक्झुपेरीपेक्षा चार वर्षांनी लहान. १५ ऑक्टोबर १९३२ ला त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानावर टपाल आणली, तेही सरकारी अनुदानाशिवाय. पावसाळ्यात जुहू पाण्याखाली जाई, तेव्हा सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवावा लागे. तरी पहिल्या वर्षात या सेवेचा नियमितपणा शंभर टक्के राहिला. १९३५ मध्ये टाटांची मुंबई–त्रिवेंद्रम सेवा निघाली, तिच्या वाटेवर गोवा आणि कन्नूर हे थांबे होते. म्हणजे सहारा आणि पाटागोनियावरून जी पिशवी जाई तिची धाकटी बहीण पोर्तुगीज गोव्यातही उतरत होती. टाटांनी कादंबऱ्या लिहिल्या नाहीत, पण हजारो पत्रे लिहिली, आणि विमानातल्या चहापासून पडद्याच्या रंगापर्यंत बारीकसारीक गोष्टींची त्यांनी घेतलेली दखल प्रसिद्ध आहे. ही दखल हौसेची नव्हे. तो त्या धंद्याचा स्वभाव आहे. दुसऱ्याचे पत्र आपल्या हाती आहे, ते आपण वाचायचे नाही, पण पोचवायचे मात्र काहीही करून, ही भावना ज्याला माहीत आहे तोच ‘रात्रीचे उड्डाण’ नीट वाचू शकतो.

त्या पुस्तकाशी थोडे थांबले पाहिजे, कारण सेंत-एक्झुपेरीविरुद्धचा सर्वांत जड आक्षेप तिथून येतो. १९२९ मध्ये तो ब्युनॉस आयर्सला, अर्जेंटिनातल्या टपाल-विमानसेवेचा व्यवस्थापक म्हणून गेला. रात्री उडायचे नसेल तर दिवसा रेल्वे आणि जहाजांवर मिळवलेली आघाडी रात्री गमवावी लागते, असे त्या धंद्याचे गणित होते. १९३१ च्या या कादंबरीत पाटागोनियाची टपाल घेऊन निघालेला फाबियें वादळात सापडतो आणि परतत नाही. त्याचा वरिष्ठ रिव्हिएर तरीही युरोपची टपाल वेळेवर रवाना करतो. आंद्रे जीदने या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली आणि माणसाचे सुख स्वातंत्र्यात नसून कर्तव्याच्या स्वीकारात आहे हे दाखवून दिल्याबद्दल लेखकाचे आभार मानले. पुस्तकाला फेमिना पारितोषिक मिळाले, खप झाला, आणि जीदचा हा एक विचार पुस्तकाच्या मानेवर कायमचा बसला. प्रस्तावना लिहिणाऱ्याने किती नुकसान करावे याचे हे उदाहरण प्रस्तावना लिहितानाच आठवणे फारसे सोयीचे नाही. तर आक्षेप असा: हे तर मालकाचे तत्त्वज्ञान झाले. लातेकोएर आणि तिची वारसदार एरोपोस्ताल यांच्या सेवेत पंधरा वर्षांत शंभराहून अधिक माणसे मेली. व्यापाऱ्यांची बिले आणि प्रेमिकांची पत्रे एक दिवस लवकर पोचावीत म्हणून? कर्तव्याची महती गाणाऱ्यांचा पगार सहसा कर्तव्य करणाऱ्यांपेक्षा जास्त असतो, हे खाणपट्ट्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

आक्षेप मी मोडीत काढत नाही; पण तो जीदच्या प्रस्तावनेला लागू पडतो तितका कादंबरीला पडत नाही. रिव्हिएर स्वतःलाच हा प्रश्न विचारतो. त्याला आठवतो तो एक पूल बांधतानाचा अपघात: एका मजुराचा चेहरा चिरडला आहे, आणि पाहणारा एक अभियंता विचारतो, हा पूल चिरडलेल्या चेहऱ्याच्या किमतीचा आहे का. रिव्हिएरजवळ याला उत्तर नाही. माणसाचा जीव अनमोल असेल तर आपण सगळे असे का वागतो, जणू काही त्याहूनही मोलाचे काहीतरी आहे, एवढेच तो पुटपुटतो. आणि मग फाबियेंची बायको कचेरीत येते. तिथली माणसे नजर चोरतात, तिचे असणेच त्या कचेरीला ओशाळवाणे करते, आणि लेखक स्पष्ट करतो की ती तिथे दुसऱ्याच एका सत्याच्या वतीने आली आहे, जे रिव्हिएरच्या सत्याइतकेच खरे आहे. फाबियेंच्या घरात टेबलावर दिवा आहे, फुले आहेत, ताट वाढलेले आहे. या घराचे वजन लेखकाने हलके केले असते तर हे पुस्तक मालकाचे ठरले असते. ते त्याने केलेले नाही. माझा स्वतःचा कौल असा की रिव्हिएर शेवटी पुस्तकात थोडा जास्त उंच उभा राहतो, विजयी सेनापतीसारखा. शेवटची पाने म्हणूनच या पुस्तकातली सर्वांत अशक्त पाने आहेत. १९३१ मध्येच एरोपोस्ताल दिवाळखोरीत गेली आणि १९३३ मध्ये नव्या एअर फ्रान्समध्ये विरघळली, हे त्या विजयावरचे इतिहासाचे भाष्य.

दुसरा आक्षेप साहित्यिक आहे. जमिनीचा लेखक म्हणता, आणि त्याचे सर्वश्रेष्ठ पुस्तक तर एका घराएवढ्या लघुग्रहावर राहणाऱ्या मुलाचे! याचे उत्तर त्या लघुग्रहावरच मिळते. तिथे हा मुलगा दिवसभर करतो काय? सकाळी उठून ज्वालामुखींची काजळी काढतो, विझलेल्याचीसुद्धा. बाओबाबची रोपे गुलाबासारखी दिसेनाशी झाली की लगेच उपटतो, कारण एकदा मुळे खोल गेली की ग्रहच फुटेल. गुलाबाला पाणी घालतो, वाऱ्याला आडोसा करतो, सुरवंट काढतो. पोफळीच्या बागेत शिंपणे करणाऱ्याला आणि तण काढणाऱ्याला या दिनक्रमात परीकथा फारशी दिसणार नाही. वाटेत भेटलेल्या ग्रहवासीयांत राजा आहे, गर्विष्ठ आहे, तारे मोजून आपल्या नावावर करणारा व्यापारी आहे. त्या सर्वांत राजकुमाराला मैत्री करावीशी वाटते ती एकट्या दिवे लावणाऱ्याशी, कारण तोच स्वतःखेरीज दुसऱ्या कशाची तरी काळजी वाहतो. हुकूम जुना झाला आहे, ग्रह आता मिनिटाला एक फेरी घेतो, झोपायला वेळ नाही, तरी दिवा लागतो आणि विझतो. हा तर तुलूझचा टपाल-वैमानिकच, पण या वेळी रिव्हिएरशिवाय. बारा वर्षांत लेखकाने साहेब वगळला आणि कामकरी ठेवला, हा बदल मला फार अर्थपूर्ण वाटतो.

‘छोटा राजकुमार’मधली वाळवंटातली विहीरही कल्पनेतून आलेली नाही. डिसेंबर १९३५ च्या अखेरीस पॅरिस–सायगॉन विक्रमाच्या नादात त्याचे सिमून विमान लिबियाच्या वाळवंटात आदळले. तो आणि यांत्रिक आंद्रे प्रेव्हो, जवळ थोडी कॉफी, थोडी द्राक्षे, एक संत्रे. पहाटेचे दव पुसून त्यांनी ते तेलकट पाणी प्यायचा प्रयत्न केला. तिसरा दिवस उलटून गेल्यावर एका बेदुईन उंटवाल्याने त्यांना पाहिले आणि पाणी पाजले. ‘माणसांची भूमी’तले पाण्याबद्दलचे ते पान या अनुभवातून आले, आणि १९४२ मध्ये न्यूयॉर्कजवळ परदेशवासात लिहिलेल्या गोष्टीतली विहीरही त्यातूनच.

तिसरा आक्षेप आपला, म्हणजे आपल्यासारख्या वसाहतीत राहिलेल्यांचा आहे, आणि इथे मी लेखकाचा वकील व्हायला तयार नाही. ज्या जमिनीवर त्याने एवढी माया केली ती कोणाची? १९२७ ते १९२९ या काळात तो स्पॅनिश सहाराच्या किनाऱ्यावरील काप जुबीच्या तळाचा प्रमुख होता. पडलेल्या वैमानिकांना टोळ्यांच्या तावडीतून सोडवणे, त्यासाठी मूर सरदारांशी चहा घेत बोलणी करणे हे त्याचे काम. त्या लोकांबद्दल त्याने कुतूहलाने आणि पुष्कळदा आदराने लिहिले. फ्रान्समध्ये नेलेले काही मूर आल्प्समधल्या एका धबधब्यासमोर उभे राहतात आणि हलायला तयार होत नाहीत, कारण एवढे पाणी केव्हातरी संपणारच आणि तो क्षण त्यांना पाहायचा असतो. ही हकिगत वाचताना हसू येते ते त्यांच्यावर नाही, आपल्या नळांवर. बार्क नावाच्या गुलामाला वैमानिकांनी पैसे जमवून सोडवले आणि मोकळा झालेला बार्क ते पैसे अनोळखी मुलांना सपाता वाटण्यात उधळतो, हा त्याच्या लेखनातला एक अत्युत्तम भाग आहे. पण ज्या तळावर युरोपीय झेंडा फडकतो त्याच्या कुंपणालगत गुलामी चालू कशी, आणि टपालाची ही सगळी वाट साम्राज्याच्याच चाकोरीतून का जाते, हा प्रश्न त्याच्या पुस्तकांत उमटत नाही. तुर्की खगोलशास्त्रज्ञाचे म्हणणे त्याच्या पोशाखामुळे कोणी मानत नाही, ही ‘छोटा राजकुमार’मधली चपराक त्याने अचूक मारली, ती स्वतःच्या दिशेने मात्र कधी वळवली नाही.

डिसेंबर १९४० मध्ये तो लिस्बनला होता, अमेरिकेला जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत. ‘ओलिसाला पत्र’ या छोट्या पुस्तकाची सुरुवात तिथून होते. सालाझारच्या राजवटीने त्या वर्षी बेलेंमध्ये ‘पोर्तुगीज जगा’चे प्रचंड प्रदर्शन भरवले होते, पूर्वजांचे वैभव मांडणारे. जळत्या युरोपच्या काठावर हे शहर आनंदी असल्याचा आव आणते आहे, आपल्या थोर मृतांना पहारेकरी करून उभे करते आहे, हे सेंत-एक्झुपेरीने फार हळुवारपणे टिपले. एस्तोरीलच्या कॅसिनोतले बड्या निर्वासितांचे पोकळ वैभवही त्याने सोडले नाही. पण त्या प्रदर्शनात वसाहतींचाही विभाग होता, आणि त्या ‘पोर्तुगीज जगा’त डिचोली, सत्तरी, पेडणे हे अठराव्या शतकात जिंकलेले मुलूखही मोडत होते. १९३० च्या वसाहत कायद्याखाली गोमंतकीय दुय्यम ठरलेले, वृत्तपत्रांवर सेन्सॉर, सभेला परवानगी लागायची. १८ जून १९४६ ला मडगावात समाजवादी नेते लोहिया बोलायला उभे राहिले ते याच स्थितीविरुद्ध. लिस्बनच्या दिव्यांमागचे दुःख ओळखणाऱ्या माणसाला हे दिसले नाही. तो फ्रान्सच्या पराभवाने आणि नुकत्याच मारल्या गेलेल्या गियोमेच्या बातमीने व्याकूळ होता हे खरे; पण त्याच्या नजरेची ही मर्यादा त्याआधीची आहे. तरीसुद्धा मी म्हणतो की या मर्यादेवर बोट ठेवायला लागणारा दृष्टिकोन त्याच्याच पुस्तकातून घेता येतो. नकाशात काय सुटले हे विचारायला गियोमेने शिकवले. तोच प्रश्न आपण शिष्याला विचारतो आहोत.

युद्धकाळाबद्दल थोडेच. मे १९४० मध्ये आरासवरचे टेहळणीचे उड्डाण, त्यावरचे ‘युद्धवैमानिक’, अमेरिकेतला परदेशवास, द गोलच्या गटाशी न जमणे आणि विशी सरकारने न विचारता समितीवर नाव घातल्याने झालेला मनस्ताप, हे पुढे विस्ताराने आले आहे. १९४३ मध्ये तो पुन्हा आपल्या तुकडीत गेला. लाइटनिंग विमानासाठी त्याचे वय कधीच उलटून गेले होते. जुन्या दुखापतींमुळे त्याला गणवेश स्वतः चढवता येत नसे. ३१ जुलै १९४४ ला कॉर्सिकातील बोर्गोहून तो निघाला तो बॉम्ब टाकायला नव्हे, ग्रनोब्ल-आनसीच्या बाजूच्या जमिनीची छायाचित्रे घ्यायला. १९९८ मध्ये मार्सेजवळ एका कोळ्याच्या जाळ्यात त्याच्या नावाचे कडे आले, २००० मध्ये अवशेष सापडले आणि २००४ मध्ये ते त्याच्याच विमानाचे असल्याचे ठरले. विमान का पडले याविषयीचे तर्क अजून चालू आहेत. त्यात फार वेळ घालवू नये.

राहता राहिला वाचनाचा क्रम. ‘छोटा राजकुमार’ बहुतेकांनी वाचलेलेच असते, म्हणून ते शेवटी पुन्हा वाचावे. आरंभ ‘माणसांची भूमी’ने करावा, तिथली गियोमे, बार्क आणि लिबियाची प्रकरणे आधी घेतली तरी बिघडत नाही. मग ‘रात्रीचे उड्डाण’, जमल्यास जीदची प्रस्तावना नंतरसाठी ठेवून. १९२९ ची पहिली कादंबरी ‘दक्षिणेची टपाल’ कच्ची आहे; प्रेमकथेचा भाग कंटाळवाणा वाटला तर तो ओलांडून वाळवंटाच्या पानांवर यावे. ‘ओलिसाला पत्र’ एका बैठकीत होते. मृत्यूनंतर १९४८ मध्ये निघालेले ‘किल्ला’ हे जाडजूड पुस्तक लेखकाच्या हातून पुरे झालेले नाही. त्यातला वाळवंटाचा राजा प्रवचने फार देतो, आणि रिव्हिएरचा आवाज त्यात पुन्हा चढलेला आहे. ज्यांना माझ्या वरच्या म्हणण्याशी भांडायचे असेल त्यांना सर्वांत जास्त दारूगोळा तिथेच मिळेल.